एकेचाळीस श्वास

दत्ताभाऊ गेले हे सांगायला त्यांचा पुतण्या अविनाश सकाळी स्कूटरवरून माझ्या दारात आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. रात्री झोपेतच गेले, म्हणाला. काही त्रास झाला नाही. मी त्याला पाणी दिलं, बस म्हटलं आणि पुन्हा मेथीला लागले. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, बाईंना धक्का बसलाय. धक्का नव्हता तो, राग होता. पंधरा वर्षं मी एका माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट पाहत होते, आणि तो माणूस ते वाक्य न बोलता, काही त्रास न होता, झोपेत निघून गेला... अविनाश गेल्यावर पाहिलं तर मी पानं टाकून काड्या पातेल्यात ठेवल्या होत्या.

त्यानंतरच्या महिनाभरात भाऊंवर तीन लेख छापून आले आणि एक शोकसभा झाली. लेखांत आणि सभेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली, की रेकॉर्डिंगवाल्या दत्ता खैरनारांनी नाशिकचे आवाज जपले. जपले! मी मागच्या रांगेत बसून हा शब्द नऊ वेळा ऐकला. शेवटी मलाही बोलायला पुकारलं, भाऊंच्या सोळा वर्षांपासूनच्या सहकारी म्हणून. मी जागेवरूनच सांगितलं, मला बोलता येत नाही, लिहून देईन. तेच हे लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल शोकसभेत चांगलंच बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तसा नियम असल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

पण आधी जे त्यांचं आहे ते त्यांना देऊन टाकते, म्हणजे जे त्यांचं नाही ते काढून घेताना माझा हात अडखळणार नाही. भाऊ सटाण्याकडच्या शेतकरी घरातले. नाशिकला रेडिओ दुरुस्ती शिकायला आले आणि परत गेले नाहीत. कुठल्याशा लिलावात त्यांनी एक जुनं रिळांचं टेपरेकॉर्डर मशीन घेतलं, ते सायकलच्या कॅरियरला जुन्या ट्यूबने बांधलं आणि लग्नांतली मंगलाष्टकं, शाळांची गॅदरिंगं, पुढाऱ्यांची भाषणं रेकॉर्ड करत फिरायला लागले. त्यांनी जन्मात कुणाची नोकरी केली नाही. सातपूरला कारखाने आले, पुढे अंबडला आले, गावाकडून थोरल्या भावाचे निरोपावर निरोप येत की अंबडला चिकटून घे. भाऊ हसायचे. "भोंगा वाजला की उठायचं आणि भोंगा वाजला की बसायचं, ते आपल्याच्यानं होणार नाही," म्हणायचे. एका वर्षी काम भरभरून असे, दुसऱ्या वर्षी तीन तीन महिने माईकवर धूळ. पण माणूस हटला नाही. जाहिराती केल्या, नाटकांचं पार्श्वसंगीत केलं, गायकांना घेऊन मुंबईला जाऊन तबकड्या काढून आणल्या, आणि कॅसेटचा जमाना आला तेव्हा नाशिकमध्ये स्वतःचा स्टुडिओ असलेला माणूस म्हणून लोक त्यांच्याकडे रांगा लावायला लागले. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलं.

तो स्टुडिओ म्हणजे पंचवटीतल्या एका गुळाच्या वखारीवरची खोली. भिंतींना गोणपाट, त्यावर गाद्या, आणि मशीनच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण खालच्या गुळामुळे मुंग्या थेट मशीनमध्ये घुसायच्या. रेकॉर्डिंग दुपारी एक ते चारच चाले. देवळांचे दरवाजे दुपारचे बंद होत, भाजीबाजार पेंगुळलेला असे, रिक्षावाले सावलीला आडवे झालेले असत, तेवढ्याच वेळात पंचवटी गप्प बसे. पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही. मोठमोठे गायक तिथे बनियनवर बसून गायलेले मी पाहिले आहेत. गाणं सुरू करण्याआधी भाऊ एक मिनिट नुसत्या रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग करत. मग माईकपाशी वाकून नाव सांगत, "अमुक अमुक, टेक एक", आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसत. त्यांचं ते बोलणं नंतर कापूनच टाकायचं असे. म्हणून हजारो रिळांवरून भाऊंचा आवाज कधी पुढे गेला नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मी तिथे पोचले ती शिवणक्लासमुळे. वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन. मी बाविसाव्या वर्षी नाशिकला मावशीकडे, आमच्या बौद्ध वसाहतीत राहून शिवण शिकत होते. भाऊ क्लासमध्ये जाड पडदे शिवून घ्यायला आले आणि मी खडूची रेघ न ओढता कापड सरळ कापते हे बघत उभे राहिले. मग बाईंना म्हणाले, "ह्या मुलीला विचारा, कापडापेक्षा बारीक काही कापशील का?" ते बारीक म्हणजे टेप. पाव इंच रुंदीची तपकिरी पट्टी, तिच्यावर पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, दाढीच्या ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. आठ दिवसांत मला जमलं. भाऊ शहरातल्या लोकांशी अगदी पुस्तकी बोलत, पण फार खूश झाले किंवा फार चिडले की सटाण्याची बोली बाहेर येई. माझा पहिला जोड हेडफोनवर ऐकून ते ओरडले, "भलतं भारी शे!" त्या दिवशी मी पंचवटीतून मावशीच्या घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत गेले. हेही खरं आहे.

माझं मुख्य काम होतं श्वास कापणं. भाऊंना गाणाऱ्याचा श्वास ऐकू आलेला खपत नसे. "श्वास म्हणजे सदऱ्याच्या आतली शिवण, ती लोकांना दाखवायची नसते," असं त्यांचं म्हणणं. वाद्यं वाजत असतील तिथे हात लावता येत नसे. पण ओवी, आलाप, निवेदन, प्रवचन, जाहिरात, जिथे नुसता आवाज असेल तिथला प्रत्येक श्वास मी शोधायचा, कापायचा आणि त्याच्या जागी तेवढ्याच लांबीची रिकाम्या खोलीची शांतता जोडायची. त्यासाठी तर ते रिकाम्या खोलीचं मिनिट असे. कापलेले तुकडे लगेच फेकायचे नाहीत, चुकलं तर परत लावायला लागतात. एक श्वास म्हणजे वीतभर पट्टी. मी ते तुकडे नंबर घालून खिडकीच्या चौकटीला चिकटवायची आणि काम संपलं की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. वाऱ्याने ते हलायचे. भाऊंचा आवाज साफ, भाऊंचा आवाज काचेसारखा, अशी मुंबईपर्यंत ख्याती झाली ती ह्या ब्लेडमुळे.

माझी आई, कौसाबाई, इगतपुरीच्या रेल्वे चाळीत गाण्यासाठी माहीत होती. जयंतीला, बारशाला, कुणाच्या मयतीला, तिच्याशिवाय होत नसे. गाणी तिची तीच जुळवायची. एकदा डोळे दाखवायला नाशिकला आली, मला डबा द्यायला स्टुडिओत आली आणि जिन्यात बसून गुणगुणत राहिली. भाऊंनी दार उघडून ऐकलं. म्हणाले, "मावशी, आत या." आई घाबरली. "मला नाय जमायचं यंत्राम्होरं. माझी गाणी लय साधी हायती." पण ती गायली. दुपारी दोन वाजता, पंखा बंद, डोक्यावरचा पदर घामाने भिजलेला, आणि माझी आई सलग चार गाणी गायली. तिला दम्याचा त्रास. दर ओळीआधी ती एवढा मोठा श्वास घ्यायची की मशीनवरचा काटा हलायचा. भाऊ हसून म्हणाले, "मावशी, तुमचा श्वास म्हणजे घाट चढणारं इंजिन." आई म्हणाली, "मग? इगतपुरीची हाय मी." आम्ही तिघंही हसलो. भाऊंबरोबर मनापासून हसल्याची माझी शेवटची आठवण हीच असावी.

दोन दिवसांनी भाऊंनी मला तिचे श्वास कापायला सांगितलं आणि मी कापले. कुणी बळजबरी केली नव्हती. माझ्या आईचं रेकॉर्डिंग काचेसारखं झालं पाहिजे, असं मलाच वाटत होतं. चार गाण्यांत एकेचाळीस श्वास निघाले. ती चौकट भरून गेली; तिचे तुकडे मी नंतर वेगळ्या डब्यात ठेवले. मग मी आईला हेडफोन लावून ऐकवलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही कोण बाई गाती? दम घेत नाय. मेली का काय?" मी चिडले. तुला काय कळतं, म्हटलं. तिने हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला आणि उरलेली भाकरी डब्यात भरायला लागली.

आठ महिन्यांनी, ऐन थंडीत, आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचीच गाणी लावायची असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी नाशिकला आले. भाऊ कुठे बाहेरगावी कामाला गेले होते. मी कपाटातून खोका काढला. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, कौसाबाई, इगतपुरी. उघडून पाहिलं, आत रीळ होतं. ऐकून बघायचं मला सुचलं नाही. आईचा आवाज तिथे एकटीने ऐकायची हिंमत नव्हती, खरं तर. दुसऱ्या दिवशी चाळीच्या मोकळ्या जागेत दोनेकशे माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. वंदना झाली. मशीन मागून आणलेलं होतं, त्याला कर्णा जोडला होता. मी रीळ लावलं, बटण दाबलं. आणि कर्ण्यातून दोन बायकांच्या आवाजात, ढोलकीच्या ठेक्यावर, म्हशींच्या पेंडीची जाहिरात सुरू झाली.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मला वाटलं, आधीचा काही तुकडा राहिला असेल, पुढे आई लागेल. मी पुढे फिरवलं. पेंड. आणखी पुढे फिरवलं, पुन्हा पेंड, दूध वाढेल, फॅट वाढेल... एक पोर खुदकन हसलं आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. वडील पहिल्या रांगेत बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद कर ते." मी बंद केलं. त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

नाशिकला परत आले तेव्हा भाऊ मशीनपाशी बसले होते. मी खोका त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उघडला, रिळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला, हे मी नाकारत नाही. पण म्हणाले काय? "खोक्यावरचं नाव बदलायचं राहून गेलं." मी म्हटलं, "आवाज कुठंय?" तर म्हणाले, "जाहिरात तातडीची होती. कोरं रीळ नव्हतं. तू सुटीवर होतीस." मी विचारलं, निदान कापलेले तुकडे तरी, तो डबा? इकडे तिकडे बघत म्हणाले, "टाकला असेल कुणीतरी." त्या सुटीत मी आईच्या उशापाशी बसले होते. तिकडे तिला दम लागत होता आणि इकडे तिच्यावर पेंड चढत होती. मी उभी राहिले. मला एकच वाक्य हवं होतं. चुकलो, सुमन. एवढंच. त्यांनी हेडफोन कानाला लावला.

टेप पुसून पुन्हा वापरणं हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार होता, हे वाचकांना सांगायला हवं. नवं रीळ महाग आणि मिळायला कठीण. सगळेच पुसत. पण कुणाचं पुसायचं हे कुणीतरी ठरवत असतं ना? त्या दिवसापासून मी बघायला लागले. स्टीलच्या कपाटातल्या काही खोक्यांवर भाऊंनी तांबड्या पेन्सिलीने लिहिलेलं असे, 'पुसू नये'. ते खोके कुणाचे? एका महाराजांची प्रवचनं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांची भाषणं. एका मोठ्या साहेबांच्या बायकोने हौसेने म्हटलेली भावगीतं, तीही बेसूर. आणि पुसलं काय जायचं? पेठ-सुरगाण्याकडून पावरी वाजवायला आलेला म्हातारा पुसला. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या ओव्या पुसल्या. आमच्या वसाहतीतल्या बायकांचं बारशाचं गाणं पुसलं. भाऊ माझ्या डब्यातली भाकरी रोज खात, जात पाळणारा माणूस नव्हता तो, माझ्या घरी येऊन मांडी घालून जेवलेला माणूस होता. पण हात तांबड्या पेन्सिलीकडे गेला की त्याला कोण मोठं आणि कोण लहान हे बरोबर कळायचं. आणि मला काय झोंबतं सांगू? ती पेन्सिल माझ्याच टेबलावर असायची. ते दोन शब्द मी आईच्या खोक्यावर सहज लिहू शकले असते. मला वाटलं, आपलं माणूस आहे, लिहायची काय गरज.

मी नोकरी का सोडली नाही, असं लोक विचारतात. सोडून गेले असते तर भाऊंची सुटका झाली असती. रोज दुपारी एक वाजता मी त्यांच्यासमोर यायची, ब्लेड काढायची आणि बसायची. आईच्या स्मृतिदिनी मी मुद्दाम सुटी घेत नसे. त्या दिवशी भाऊ माझ्याकडे न बघता बोलत. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

आणि मी आणखी एक गोष्ट केली. त्यानंतर जे जे रेकॉर्डिंग माझ्या ब्लेडखालून गेलं, त्यात मी एक श्वास ठेवला. एकच. कधी पहिल्या ओळीआधी, कधी अगदी शेवटी. सगळीकडे काच आणि मध्येच एका जागी जिवंत माणूस दम घेतो. दत्ता खैरनारांच्या कामात डाग. भाऊंचा कान असा होता की खालच्या वखारीत ढेप ठेवल्याचा आवाज त्यांना हेडफोनमधून कळे. त्यांना तो श्वास पहिल्याच वेळी ऐकू आला. मी बघत होते. त्यांची मान जराशी वळली, बोट बटणापाशी गेलं आणि परत आलं. ते काही बोलले नाहीत. बोलायचं तर विषय निघाला असता. पंधरा वर्षं मी त्यांच्या प्रत्येक कामात आईच्या नावाने एक खिळा ठोकत आले आणि पंधरा वर्षं ते गिळत आले.

आता ह्यातली गंमत ऐका. काही वर्षांपूर्वी मुंबईहून एक मोठे संगीतकार आले. भाऊंच्या कॅसेटी ऐकून भारावलेले. म्हणाले, "खैरनारसाहेब, तुम्ही सगळा आवाज साफ करता आणि नेमका एक श्वास सोडता. अंगावर काटा येतो हो! कुठला ठेवायचा हे तुम्ही कसं ठरवता?" मी कोपऱ्यात टेप जोडत होते. माझा हात थांबला. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ते कळावं लागतं." कळावं लागतं! शोकसभेतही एका वक्त्याने हेच सांगितलं, भाऊंचा तो सुप्रसिद्ध एक श्वास, त्यांची सही म्हणे. आज जाहीर सांगते, ती सही माझी आहे. आणि ती कलेसाठी केलेली नाही, सूड म्हणून केलेली आहे. ज्यांच्या अंगावर काटा आला त्यांनी तो परत खाली बसवावा.

पंधरा दिवसांपूर्वी अविनाश पुन्हा आला. भाऊंच्या आठवणीत एक कॅसेट काढायची आहे, सुरुवातीला भाऊंचाच आवाज हवा, आणि सगळी रिळं ऐकली तरी भाऊंचा आवाज कुठेच सापडत नाही. सापडणार कसा? प्रत्येक वेळी मीच कापून टाकलेला. त्याने मला किल्ल्या दिल्या. भाऊंच्या घरचं एक लाकडी कपाट होतं, त्यात त्यांच्या रेडिओचे सुटे भाग, जुन्या कात्र्या, गावाकडची पत्रं. सगळ्यात खाली एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर कागद चिकटवलेला आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीने भाऊंच्या अक्षरात लिहिलेलं होतं. कौसाबाई, इगतपुरी. श्वास ४१. पुसू नये.

मी फरशीवर बसले. अविनाश घाबरून पाणी आणायला गेला. सगळ्यांना वाटेल, आता बाई विरघळल्या. नाही विरघळले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा डबा त्या दिवशीच त्यांच्याकडे होता की मागाहून सापडला, मला माहीत नाही, आता कधी कळणारही नाही. पण तो त्यांच्या घरात होता आणि पंधरा वर्षं मी रोज त्यांच्यासमोर बसत होते. हात पुढे करून द्यायचा, बस. का दिला नाही, ते मला समजतं. डबा द्यायचा म्हणजे तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की ते वाक्य बाहेर आलं असतं. तेवढं वाक्य वाचवायला त्या माणसाने माझी आई कपाटात बंद करून ठेवली. मला आईच्या गाण्यांचे शब्द सगळे येतात. पण शब्द म्हणजे आई नव्हे. आई त्या डब्यात होती.

स्टुडिओत गेले. दुपारचीच वेळ. वाट्यांत पाणी भरलं, पंखा बंद केला आणि एकेक तुकडा नंबराने जोडत गेले. एकेचाळीस. सगळे मिळून अर्धं मिनिटही भरत नाही. पण डब्यात बेचाळिसावा तुकडाही होता, लांब, नंबर नसलेला. रिळाच्या सुरुवातीचा, मीच कापलेला. तो आधी जोडला आणि मशीन चालू केलं. भाऊंचा आवाज आला. तरुण, हसरा. "कौसाबाई, टेक एक. घाई नाही, मावशी. दम घ्या." आणि मग आई दम घेत राहिली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा, घाट चढत राहिली. गाणं कुठेच नाही, फक्त प्रत्येक ओळीच्या आधीची ती.

रविवारी मी ते कॅसेटवर उतरवून इगतपुरीला वडिलांकडे घेऊन गेले. त्यांना आता कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं. काय आहे ते मी सांगितलं नाही, नुसतं लावलं. भाऊंचं बोलणं झालं, आईचा पहिला श्वास आला आणि वडिलांनी खाटेची कड धरली. संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव." मी परत लावलं. चार वेळा लावलं. पाचव्या वेळी त्यांनी हात वर केला. "आधी बोलतो तो बाप्या कोण?" मी म्हटलं, "त्यांनीच पुसलं होतं." वडिलांनी वर केलेला हात खाली घेतला. "त्याला काढ," म्हणाले. "तिला ठेव."

मी काढलं. तसं कापणं मला चांगलं येतं, भाऊंनीच शिकवलं आहे. आठवणीची कॅसेट पुढच्या महिन्यात निघेल. पहिल्या बाजूला, सगळ्यांच्या आधी, माझ्या आईचे एकेचाळीस श्वास असतील आणि वेष्टनावर पहिलं नाव तिचं असेल. अविनाशने ह्याला मान्यता दिली आहे. नुसत्या श्वासातून लोकांना काय कळणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कळावं लागतं.

भाऊंचा आवाज मात्र त्या कॅसेटवर नाही. तो चार हात लांबीचा तुकडा पत्र्याच्या त्याच डब्यात आहे आणि डबा माझ्या घरी, शिवणाच्या मशीनशेजारी. रोज धूळ झटकते. अविनाश दोनदा मागायला येऊन गेला, काका आहेत हो, एकच तर आवाज आहे, म्हणाला. मला त्याची दया येते, पोरगा चांगला आहे. त्याला मी सांगितलं आहे की काळजी करू नकोस, मी पुसणाऱ्यांतली नाही. झाकणावर तांबड्या पेन्सिलीने लिहिलेलंच आहे. फक्त पंधरा वर्षांनी ये.